पालथा घडा

आता आरसे नववीला गेलेत. आमच्या वेळी ते दहावीला होते. पुस्तकं बदलली, धडे इकडचे तिकडे झाले, आणि मी तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच वर्षी हा धडा माझ्या वाट्याला आला. गोलीय आरसे, नाभी, नाभीय अंतर, चिन्ह संकेत. बाकी कुठलाही धडा मी डोळे झाकून शिकवते. हा शिकवायचा म्हटलं की मी पुस्तक हातातून खाली ठेवत नाही. पोरांना वाटतं, मॅडमला प्रकाश अवघड जातो. वाटू दे.

ज्या वर्षी मी दहावीला होते त्याच वर्षी माझी मायही दहावीला होती. हे सांगितलं की लोक हसतात आणि त्यांच्याबरोबर मीही सवयीनं हसते. त्या वर्षी मी काय केलं हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माय आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. सकाळी घरोघर फिरून लेकरं गोळा करायची, त्यांची नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची आणि दुपारी झाडून काढून कुलूप लावायचं. वर सेविकाबाई होत्या. खुर्ची त्यांची, रजिस्टर त्यांचं, आणि मीटिंगला तालुक्याला जायचं तेही त्यांनीच. त्या निवृत्त व्हायला आल्या होत्या. त्यांच्या जागी मायला घेता आलं असतं, सगळं गाव म्हणत होतं घ्या म्हणून, पण सेविका व्हायला तेव्हा दहावी पास लागायची आणि मायची शाळा नववीत सुटलेली.

तिचं माहेर राजूरकडचं. शाळा सोडल्याचा दाखला आणायला ती मुद्दाम चतुर्थीचा दिवस धरून गेली. म्हणाली, दाखलाबी होईल आन् गणपतीबी होईल. देवळाच्या गर्दीत चप्पल गेली. दाखला पदराच्या टोकाला बांधून ती अनवाणी घरी आली आणि दारातूनच ओरडली, "घावला गं, घावला! चप्पल गेली तर जाऊ दे, तिला कुठं दहावीला बसायचंय!" मग सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळा सुटलेल्या माणसाला बाहेरून परीक्षेला बसायचं तर हाच फॉर्म भरावा लागतो. त्या दिवशी आमच्या घरात कुणाचं लग्न ठरल्यासारखा आनंद होता. निदान मायला होता.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांची काळी-पिवळी जीप होती, घनसावंगी ते शहागड. आमचं गाव त्या रस्त्यावर मधेच. ते म्हणाले, "दोन दोन पोरी दहावीला एका घरात. मंग सैपाक काय मी करू?" आणि पुढचे दोन महिने संध्याकाळचं पिठलं खरंच त्यांनी केलं. कधी खारट, कधी अळणी. मायनं एकदाही नावं ठेवली नाहीत.

मला मात्र लाज वाटत होती. ती कशाची होती हे आज नीट सांगता येत नाही. मी घनसावंगीच्या शाळेत जायचे. माझ्या मैत्रिणी तिथल्याच, कुणाचा बाप दुकानदार, कुणाचा तहसीलमध्ये. त्यांच्या आया त्यांना डबा देत होत्या, आणि माझी आई माझ्याबरोबर मराठीचं व्याकरण पाठ करून राहिली होती. मी शाळेत कुणाला काही बोलले नाही.

सराव परीक्षा झाल्यावर शाळेला सुट्टी लागली आणि आमचा अभ्यास अंगणवाडीत सुरू झाला. दुपारी दोनला लेकरं घरी गेली की खोली रिकामी. भिंतीवर कोंबडी, कमळ, खारीक अशी चित्रं, कोपऱ्यात खेळण्यांचं खोकं, खिडकीशी लेकरांची तोंडं दाखवायला ठेवलेला आरसा आणि कंगवा. छोटासा फळा होता, लेकरांच्या उंचीवर लावलेला. त्याच्यावर लिहायचं तर मला गुडघ्यावर बसावं लागायचं. विज्ञानाच्या सरांनी घरी सोडवायला आरशाची गणितं दिली होती, वहीची चार पानं भरून. मी एकेक गणित फळ्यावर मांडायचे आणि माय मांडी घालून वहीत उतरवायची. अक्षर तिचं सुरेख होतं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

गणितात ती हुशार होती. तिरकस गुणाकार, ल.सा.वि., अपूर्णांकांची बेरीज, सगळं पटापट. रोज पन्नास लेकरांच्या खिचडीचं माप काढणारी बाई, तिला आकड्याचं काय भ्या. तिचं अडायचं ते आकृतीपाशी. पुस्तकात वस्तू म्हणून मुख्य अक्षावर एक उभा बाण काढलेला असतो. माय बाणाच्या जागी बाई काढायची. डोकं, अंबाडा, पदर, खाली दोन पाय. प्रतिमा उलटी आली की त्या बाईला ती डोक्यावर उभी करायची आणि अंबाडा खाली लोंबत ठेवायची.

"अगं बाण काढायचा, बाण! परीक्षेत बाई काढली तर मार्क जातील."

"बाणाला काय तोंड अस्तंय का गं? तो कशाला जाईल आरशासमोर?"

बाण काढायला लावायला मला दोन दिवस लागले.

चिन्हांचा नियम तिला पहिल्यांदा सांगितला तेव्हा ती बराच वेळ फळ्याकडे बघत राहिली. वस्तू नेहमी आरशाच्या डावीकडे ठेवायची. डावीकडची सगळी अंतरं उणे, आरशाच्या मागची अधिक. ती म्हणाली, "म्हंजी आपण जिथं उभं राहतो ती बाजू उणे. आन् आरशाच्या मागं, जिथं कोणीबी न्हाई, ती अधिक. बराबर लिहिलंय बघ पुस्तकवाल्यानं. आपली बाजू कायमच उणे." आणि स्वतःच खूप हसली. मग कुठंही काही कमी पडलं, डब्यात साखर संपली, नळाला पाणी आलं नाही, की म्हणायची, आपली बाजू उणे.

अंतर्गोल आणि बहिर्गोल यांतला फरक तिला मी शिकवला नाही. तो तिचा तिनंच काढला, खिचडी वाढायच्या मोठ्या पळीतून. पळी घासून लख्ख केली, आत बघितलं तर तोंड उलटं. पाठीवर बघितलं तर सुलटं पण बारीक. "आत उलटी, भाईर सुलटी," तिनं वहीत लिहून ठेवलं. आणि मग म्हणाली, "अण्णाच्या गाडीचा आरसाबी भाईरचाच ना? त्याच्यात मागचा टरकबी लेकराएवढा दिसतोय." मी म्हटलं, हो, तो बहिर्गोल. तिनं तेही लिहिलं.

पेपर दोन दिवसांवर आला. मला नव्वदच्या वर जायचं होतं, सरांनी वर्गात तसं बोलून दाखवलं होतं. दुपारी मी माझं वाचत बसले होते आणि माय तिची गणितं सोडवत होती. सरांनी दिलेली जवळजवळ सगळीच गणितं अंतर्गोल आरशाची होती. अंतर्गोलाचं नाभीय अंतर उणे. उणे, उणे, उणे करत माझा हात त्यालाच सरावला होता. शेवटचं एक गणित बहिर्गोलाचं होतं. माय तिथं अडली.

"याचंबी नाभीय अंतर उणेच का गं?"

मी मान वर न करता हो म्हटलं. थोड्या वेळानं तिनं परत विचारलं. परत. चौथ्यांदा विचारलं तेव्हा माझं डोकं फिरलं. मी पुस्तक आपटलं आणि म्हणाले, "किती वेळा सांगायचं? नुसतं पालथ्या घड्यावर पाणी आहे!"

माझ्या मायला मी हे म्हणाले. जी बाई दिवसभर लेकरांची उष्टी काढून दुपारी माझ्यासमोर वही घेऊन बसत होती, तिला.

तिला राग आला नाही. दाराशी घासलेली भांडी तिनं उपडी घालून ठेवली होती, त्यात पाण्याचा घडाही होता. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, पालथा घडा म्हंजी बहिर्गोलच की! मंग तेवढं सांग, पालथ्या घड्याचं उणे का अधिक?"

मला वाटलं, ती माझी टर उडवते आहे. आज मला माहीत आहे, तिला खरोखर सुचलं होतं. मी पाच वर्षं पोरांना शिकवते आहे, एकाही पोराला असं सुचलेलं नाही.

"उणे!" मी ओरडले. "सगळ्याचं उणे! वस्तूचं उणे, नाभीचं उणे. लिही आणि सोड आता."

"पण मंग गाडीच्या आरशात..."

"गाडी सोड ना!"

तिनं लिहिलं. 'नाभीय अंतर कायम उणे.' खाली पट्टीनं दोन रेघा मारल्या, कारण महत्त्वाच्या गोष्टीखाली दोन रेघा मारायच्या हे मीच शिकवलं होतं. चुकलं तर गिचमिड करायची नाही, वरून एकच आडवी रेघ मारायची, हेही मीच शिकवलेलं.

विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी सकाळी आम्ही अण्णांच्या जीपमधून निघालो. आमचं परीक्षा केंद्र एकच होतं. पहिल्या पेपरपासून मी मायला सांगितलं होतं की तू पेट्रोल पंपाजवळ उतरत जा, तिथून चालत ये, फाटकापाशी माझ्याशी बोलू नको. मैत्रिणी असतात. ती म्हणाली होती, "बरंय. तेवढेच पाय मोकळे होतेत." त्या दिवशीही ती पंपाजवळ उतरली. गाडीत माणसं दाटीवाटीनं भरलेली, मी अण्णांना खेटून बसले होते, त्यामुळं त्यांच्या बाजूचा आरसा मला दिसत होता. त्यात माय दिसत होती. डोक्यावर पदर, काखेत माझं जुनं पॅड, हातात पेनांची प्लास्टिकची पिशवी. गाडी पुढं गेली तशी ती बारीक होत गेली. अण्णाही आरशात बघत होते. वळण येईपर्यंत त्यांनी गिअर बदलला नाही, मागून कुणीतरी "जल्दी चला की मालक" म्हणालं तेव्हा बदलला.

फाटकापाशी मैत्रिणी एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. एकीनं मला विचारलं, "बहिर्गोलाचं नाभीय अंतर?" मी म्हणाले, उणे. ती फिस्सकन हसली. "येडी का काय! अधिक असतं." मी पुस्तक उघडलं. अधिक असतं. एका ओळीत, ठळक अक्षरात छापलेलं होतं.

माय तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचली होती. लिंबाखाली सतरा नंबरवाल्यांचा घोळका होता, एक होमगार्डच्या वर्दीतला माणूस, दोन-तीन लग्न झालेल्या पोरी. तिनं मला बघितलं. हात केला नाही, कारण मी नको म्हटलं होतं. फक्त मान थोडी हलवली, आणि मग आपल्याला ओळखच नाही अशी दुसरीकडे बघायला लागली. कबूल केल्याप्रमाणे.

चाळीस-पन्नास पावलं असतील. जायचं, 'माय, बहिर्गोलाचं अधिक' एवढंच म्हणायचं आणि परत यायचं. चार शब्दसुद्धा नाहीत. माझ्या हातात पुस्तक उघडं होतं. मैत्रिणी शेजारी होत्या. त्यांनी विचारलं असतं, कोण गं ती? मी स्वतःला सांगितलं, ते गणित कशाला येतंय. इतकी वर्षं आलेलं नाही. मग घंटा झाली.

ते गणित आलं. बहिर्गोल आरशाचं नाभीय अंतर पंधरा सेंटिमीटर, वस्तू आरशापासून दहा सेंटिमीटरवर. प्रतिमा कुठं मिळेल, कशी मिळेल? मी अधिक पंधरा लिहिले. उत्तर सहा. आरशाच्या मागं सहा सेंटिमीटरवर, आभासी, सुलट, वस्तूपेक्षा लहान. मला पैकीच्या पैकी पडले असणार.

परतीच्या गाडीत मायनं विचारलं, "तुझं आरशाचं किती आलं?"

"सहा."

ती थोडा वेळ बाहेर बघत बसली. उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मग म्हणाली, "माझं तीस आलं बघ. आधी सहाच आल्तं, मंग मी खोडलं."

हा दुसरा मौका होता. गाडीत अण्णा होते, ती होती, परकी माणसं होती पण ओळखीची मैत्रीण एकही नव्हती. मी म्हणू शकले असते की माय, मी चुकीचं सांगितलं. मी म्हणाले, "आकडेमोडीत कुठंतरी चुकली असशील."

"असंल," माय म्हणाली.

निकाल लागला तेव्हा मी ब्याण्णव टक्क्यांनी पास झाले. माय गणितात निघाली, इंग्रजीतही निघाली, ज्याची तिला सगळ्यात जास्त धास्ती होती. विज्ञानात राहिली. थोडक्यात राहिली. त्याच महिन्यात सेविकाबाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी दुसऱ्या वस्तीवरची एक सून लागली, बारावी झालेली. मायपेक्षा वीस वर्षांनी लहान. मायनं तिला पहिल्या दिवशी खुर्ची पुसून दिली.

फेरपरीक्षेचा फॉर्म भर म्हणून अण्णा मागं लागले. ती म्हणाली, "आता जागाच भरली. कशाला उगं खर्चा? हिची अकरावी हाये." आणि मग तिनं विज्ञानाचं पुस्तक रद्दीत न टाकता फडक्यात बांधून ठेवलं. लोक विचारायचे, काय हो, कसं काय राहिलं? ती हसून सांगायची, "पालथा घडा. पाणी ठरलंच न्हाई." हे ती माझ्यासमोर सांगायची. मी तिथून उठून जायचे. मला वाटायचं, मी चिडून बोललेला शब्द तिनं धरून ठेवलाय, बोचायला म्हणून सांगते. तिच्यात बोचकं काही नव्हतंच. एवढी वर्षं तिच्याजवळ राहून मला तेवढं कळलं नाही.

मी बारावी केली, बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं. माय खिचडी शिजवत राहिली. नवीन सेविकाबाईंना रजिस्टरमधली टक्केवारी जमायची नाही, तेव्हा त्या हळूच मायला विचारायच्या आणि माय बोटांवर हिशेब करून सांगायची. पगार आणि सही त्यांची. मी घरी आले की माय मला वर्गातल्या गोष्टी विचारायची. मी सांगायचे, निम्मं लक्ष मोबाइलमध्ये ठेवून.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती गेली. पोटाचं दुखणं होतं, उशिरा कळलं. जालन्याच्या दवाखान्यात तीन आठवडे होती. तेरावं झाल्यावर अण्णांनी तिची पत्र्याची पेटी माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "कागदं तूच बघ. मला उघडवत न्हाई." मला तिचा दाखला हवा होता, तिच्या अंगणवाडीच्या ऑफिसात द्यायला. दाखला मिळाला, राजूरच्या शाळेचा, पदराला बांधल्याच्या चुण्या अजून होत्या. त्याच्याखाली फडक्यात विज्ञानाचं पुस्तक आणि पुस्तकात घडी घातलेले झेरॉक्सचे कागद. तिच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत. अर्ज केला की बोर्डाकडून मिळते. तिनं ती कधी मागवली, मला पत्ताच नव्हता.

आरशाचं गणित शेवटून दुसऱ्या पानावर होतं. तिचं सुरेख अक्षर. आकृतीत बाण, मी शिकवला तसा सरळ. खाली आधी लिहिलेलं होतं, नाभीय अंतर अधिक पंधरा. उत्तर सहा. 'प्रतिमा आरशाच्या मागे, लहान दिसेल.' सगळं बरोबर होतं. त्याच्यावर एकच आडवी रेघ, पट्टीनं मारलेली. त्याच्याखाली परत गणित. नाभीय अंतर उणे पंधरा. उत्तर तीस. 'प्रतिमा तिप्पट मोठी दिसेल.' बाजूला तपासणाऱ्याची फुली. झेरॉक्समध्ये लाल शाई काळीच उमटते, त्यामुळं फुलीही तिच्याच पेनानं मारल्यासारखी दिसत होती.

जिनं रोज गाडीच्या आरशात मागचा ट्रक लेकराएवढा होताना बघितला होता, तिनं बहिर्गोल आरशात प्रतिमा तिप्पट मोठी दिसते असं लिहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं तिनं खोडलं आणि मी सांगितलेलं लिहिलं. कारण शिकलेली मी होते.

समासात पेन्सिलीनं, नंतर केव्हातरी, तेच गणित परत सोडवलेलं होतं. अधिक पंधरा. सहा. शेजारी आकृती. बाण नव्हता. आरशासमोर पदरवाली बाई आणि आरशाच्या मागं तशीच एक छोटी बाई, सुलटी.

ती तिला कुणी मागवून दिली हे विचारायला मी तो कागद घेऊन घनसावंगीला सरांकडे गेले. सर आता निवृत्त झालेत, ओसरीवर पेपर वाचत बसलेले असतात. त्यांनी चष्मा लावून कागद बघितला आणि लगेच ओळखला.

"ही छायाप्रत मीच मागवून दिल्ती त्यांना. घेऊन आल्त्या इथं. म्हणल्या, सर, आकडेमोडीत कुठं चुकलं तेवढं दाखवा. मी बघितलं, तर आकडेमोड बिलकुल बराबर. चूक चिन्हाची. मी म्हणलो, बाई, आधीचं बराबर होतं तुमचं, तेवढं ठेवलं असतं तर निघाल्या असत्या. खोडायला कोणी सांगितलं?"

मी कागद परत घ्यायला हात पुढं केला.

"लई वेळ बसल्या होत्या त्या कागदाकडं बघत. मंग म्हणल्या, कोणी न्हाई सर, माझंच डोकं फिरलं ऐन वेळी." सरांनी कागदाची घडी नीट घातली. "आणि जाताना दारातून परत आल्या. म्हणल्या, पोरीला सांगू नका मी आल्ते म्हणून. तिला उगं लागंल."

म्हणजे मी अकरावीला होते तेव्हापासून तिला माहीत होतं. चूक माझी होती हे माहीत होतं, आणि माझं उत्तर सहा आलं होतं त्याअर्थी खरा नियम मला पेपरच्या आधीच कळलेला होता, हेही तिनं काढलं असणार. ती गणितात हुशार होती. त्यानंतर किती वर्षं ती माझ्याशी जेवली, बोलली, माझ्या केसांना तेल लावलं, आणि लोकांना हसून सांगत राहिली की पालथा घडा मीच. मी उठून जात होते ते बघत राहिली.

सरांकडून येताना मला दवाखान्यातली एक दुपार आठवली. तेव्हापासून ती रोज आठवते.

मी तिच्या कॉटशेजारी स्टुलावर बसून नववीच्या वह्या तपासत होते. तिला सलाइन चालू होतं. मला वाटलं झोपलीय. ती म्हणाली, "काय तपासून राह्यली?"

"वह्या. आरशाचा धडा."

"आता तूच शिकवती का आरसे?"

"हो."

तिनं माझ्याकडं तोंड केलं. डोळे तिचे तेव्हा फार मोठे दिसायला लागले होते. "मंग पोरांना काय सांगती? पालथ्या घड्याचं उणे का अधिक?"

मी पेन थांबवला. "अधिक," म्हणाले.

"हां," माय म्हणाली. "अधिक. बराबर."

आणि तिनं हात पुढं केला, सुई लावलेला, माझ्या मांडीवर ठेवला आणि ती वाट बघत राहिली. मला तेव्हा ती वाट बघतेय हे कळलं होतं. कशाची, ते कळलं नव्हतं असं मी आता म्हणू शकत नाही. तेव्हा गाडीत न बोललेलं ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. वॉर्डात शेजारच्या कॉटवर एक बाई होती, तिची सून होती, आणि मला त्यांच्यासमोर रडायची लाज वाटली.

मी पुढची वही उघडली.